एसीचं वय वाचणारा माणूस

उन्हाळा तोंडावर आला की ठाण्या-मुंबईच्या उपनगरांत जुन्या एसीच्या दुकानांपुढे गर्दी वाढते. भाड्याच्या घरात राहणारी नवी जोडपी, क्लासवाले, छोटा दवाखाना थाटलेले डॉक्टर असं सगळं गिऱ्हाईक तिथे दिसतं. 'दोनच वर्षं वापरलाय' हे वाक्य जवळपास प्रत्येक मशीनबद्दल ऐकू येतं. ते खरं की खोटं कसं ठरवतात, यावर लिहा, असं संपादकांनी सुचवलं. म्हणून मी ठाण्यातल्या एका मेकॅनिककाकांच्या दुकानात जाऊन बसले. खिडकीतल्या एसीच्या काळापासून काका हेच काम करत आले आहेत.

या यंत्राचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. 1902 मध्ये विलिस कॅरिअरने ब्रुकलिनच्या एका छापखान्यातली दमट हवा आटोक्यात आणण्यासाठी यंत्रणा आखली. मुंबईत ब्लू स्टार 1943 मध्ये आणि व्होल्टास 1954 मध्ये उभी राहिली. मध्यमवर्गीय बेडरूममध्ये मात्र एसी शिरला तो फार नंतर. 2010 पासून खोलीच्या एसीवर ताऱ्यांचं लेबल सक्तीचं झालं आणि वीजबचतीच्या या कागदामुळे वय ओळखण्याचं एक साधन आपोआप हाती आलं.

काका आधी ते लेबल पाहतात. लेबल किती काळासाठी लागू आहे, ती मुदत त्यावर छापलेली असते. मुदत पुसली गेली असेल तरी मजकूर बोलतो. कार्यक्षमतेच्या आकड्यापुढे 'ईईआर' असेल तर मशीन बहुधा 2018 च्या आधीचं. 'आयएसईईआर' असेल तर त्यानंतरचं, किंवा 2015 पासून आलेल्या सुरुवातीच्या इन्व्हर्टर एसींपैकी एक. ताऱ्यांचे निकषही कडक होत गेले. 2018 मध्ये स्प्लिट एसीला पाच ताऱ्यांसाठी 4.5 पुरे होते, 1 जुलै 2022 पासून 5 लागू लागले. म्हणजे 2019 मध्ये 4.6 वर पाच तारे मिळवलेला एसी 2022 च्या कोष्टकात चार ताऱ्यांचा ठरला. नुसते तारे मोजून जुना एसी घेणारा इथेच फसतो.

मग काका आउटडोअरकडे वळतात. त्याच्या कुशीला चिकटवलेल्या पाटीवर मॉडेल, सिरियल नंबर, गॅसचं नाव आणि किती अँपिअर ते लिहिलेलं असतं. बऱ्याच पाट्यांवर उत्पादनाचा महिना आणि वर्षही असतं. नसेल तर सिरियल नंबर उलगडावा लागतो, आणि त्याची रीत कंपनीगणिक वेगळी. न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये जुनं घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना हे चांगलं ठाऊक असतं, कारण तिथे घरतपासनीस हीटिंग आणि कूलिंगच्या यंत्रांचं वय अहवालात लिहून देतो. कॅरिअरच्या अलीकडच्या काही दशकांतल्या नंबरात पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. गुडमनच्या नंबरात आधी वर्ष, मग महिना. '1403' हे एकाच्या दृष्टीने 2003 च्या चौदाव्या आठवड्याचं यंत्र आणि दुसऱ्याच्या दृष्टीने मार्च 2014 चं. कंपनी न पाहता नंबर वाचला तर अकरा वर्षांचा फरक पडतो.

मला सगळ्यांत गुंतवून ठेवलं ते गॅस भरण्याच्या तोंडाने. काकांनी आपला रोजचा पाइप एका आउटडोअरच्या तोंडावर फिरवला आणि तो सहज बसला. "हा बावीसचा," ते म्हणाले. शेजारच्या मशीनवर तोच पाइप बसेना, मध्ये अडॅप्टर लावावा लागला. R410A आणि R32 या गॅसांचा दाब R22 च्या दीडपटीहून अधिक असतो. म्हणून बहुतेक स्प्लिट एसींत त्यांचं तोंड मुद्दाम जाड ठेवलेलं असतं, चुकीचा गॅस सहज भरला जाऊ नये यासाठी. पाटी उन्हाने कोरी झाली तरी तोंड बदलत नाही. R22 ओझोनचा थर पातळ करतो. 1987 च्या माँट्रिअल करारामुळे तो टप्प्याटप्प्याने मागे पडत गेला आणि 1 जानेवारी 2025 पासून आपल्याकडे नवी उपकरणं बनवताना तो वापरता येत नाही. त्यामुळे बारीक तोंडाचं मशीन 'नवंकोरं' म्हणून कुणी दाखवलं, तर तिथेच शंका घ्यावी.

शेवटची साक्ष पीसीबीवर, म्हणजे आतल्या सर्किट बोर्डवर असते. काका भिंग लावून चिपवरचे आकडे वाचतात. '1432' म्हणजे बहुधा 2014 चा बत्तिसावा आठवडा. मूळ बोर्डवरची चिप मशीनच्या आधी बनलेली असते, तेव्हा मशीन त्याहून जुनं असूच शकत नाही. कॉम्प्रेसर आणि पंख्याच्या मोटरवर आपापल्या पाट्या असतात. या साऱ्या तारखा काही महिन्यांच्या अंतराने जुळल्या, की काका वर्ष सांगतात.

अडचण येते ती तारखा जुळत नाहीत तेव्हा, आणि तसं वारंवार होतं. बोर्ड जळून नवा बसवलेला असतो, कॉम्प्रेसर बदललेला असतो. एका घरातलं इनडोअर आणि दुसऱ्या घरातलं आउटडोअर यांची जोडी लावून ती एक मशीन म्हणून विकली जाते. आउटडोअरला रंग मारताना पाटीही रंगून जाते. कधी पाटीच्या जागी चिकटपट्टीचा चौकोन तेवढा उरलेला असतो. पाटी का काढली, याचं समाधानकारक उत्तर काकांना आजवर मिळालेलं नाही. अशा मशीनचं वर्ष ते सांगत नाहीत, आणि मला त्यांचा हा संयम फार मोलाचा वाटला.

शिवाय वर्ष कळलं म्हणजे प्रकृती कळली असं नाही. समुद्रालगतच्या खाऱ्या हवेत ॲल्युमिनिअमच्या फिनचा भुगा होतो. उघड्या नाल्याशेजारच्या इमारतीत हायड्रोजन सल्फाइडमुळे तांब्याची कॉइल काळी पडते आणि तिला बारीक भोकं पडून गॅस निसटतो. तिथलं तीन वर्षांचं मशीन कोरड्या हवेतल्या दहा वर्षांच्या मशीनपेक्षा थकलेलं असू शकतं.

खरी काळजी पुढची आहे. R22 कमी मिळू लागेल तसतसा जुन्या मशीनमध्ये दुसराच गॅस भरण्याचा मोह वाढेल. प्रोपेनवर चालणारे एसी त्यासाठीच आखलेले असतात. R22 साठी बनलेल्या मशीनमध्ये तसा ज्वलनशील गॅस भरणं म्हणजे घरात धोका आणून ठेवणं. वय लपवलेल्या मशीनमध्ये मुळात कोणता गॅस होता, हेही लपलेलं असतं. म्हणून वयाचा प्रश्न घासाघिशीपुरता राहत नाही, घरातल्या माणसांच्या सुरक्षिततेपर्यंत पोचतो.

उत्पादनाचं वर्ष कागदी पाटीवर न छापता आउटडोअरच्या पत्र्यावरच ठोकावं, एवढी एक गोष्ट कंपन्यांनी केली तर यातला बराच गोंधळ मिटेल. तोवर आपल्या हाती आहे ते करावं. नवा एसी बसवतानाच, आउटडोअर सज्जाबाहेर जाण्याआधी, इनडोअर-आउटडोअर दोन्ही पाट्यांचे आणि लेबलचे स्पष्ट फोटो काढून बिलासोबत ठेवा. दुरुस्तीत काही बदललं तर तारीख आणि भाग बिलावर लिहून मागा. जुना घेत असाल तर सिरियल नंबर आणि उत्पादनाचं वर्ष पावतीवर लिहून घ्या. विकणारा लिहून द्यायला तयार नसेल, तर तो एसी घेऊ नका.