योगासनें आणि बलोपासना



आमच्या भिवंडींत यंत्रमागांचा खडखडाट रात्रंदिवस चालू असतो. मागापाशीं बारा तासांची पाळी उभ्यानें काढून कित्येक तरुण सायंकाळीं व्यायामशाळेची वाट धरितात आणि वजनें उचलतात. अशा बलोपासकांना योगाभ्यास कितपत उपयोगी आहे, ह्याचा आज थोडा विचार करूं.

प्रथम माझीच एक चूक सांगतों. मी शिक्षक असतांना कुस्ती खेळणारा एक विद्यार्थी मजकडे आला. त्याचे खांदे ताठरले होते; गुडघे दुमडल्यावांचून त्याला पुढें वांकतां येत नसे. मी उत्साहाच्या भरांत त्याचे जोर-बैठका बंद करविले आणि केवळ आसनें करावयास सांगितलीं. तीन महिन्यांनीं तो म्हणाला, "गुरुजी, आतां वांकतां येतें, पण जोडीदाराला उचलतां येत नाहीं!"

त्याचें म्हणणें खरें होतें. स्नायूंवरील भार क्रमाक्रमानें वाढवीत नेला, म्हणजे बळ वाढतें. आसनांत भार स्वतःच्या देहाचाच असल्यामुळें ही वाढ लवकर थांबते.

मग आसनांचा लाभ कोणता? एक तर सांधे मोकळे राहतात. ज्याचे घोटे आणि खुबे नीट वांकत नाहींत, तो वजन उचलतांना पाठ वांकवितो आणि कण्यावर नको तो ताण ओढवून घेतो. दुसरा लाभ श्वासाचा. प्राणायामानें रक्तांत प्राणवायूचा मोठा सांठा होतो, ही समजूत खरी नव्हे. निरोगी माणसाच्या रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण स्वस्थ बसलें असतांही शेंकडा ९५ हून अधिक असतें. मात्र सावकाश श्वास सोडल्यानें हृदयाची गति मंदावते, मन शांत होतें, आणि श्रमलेल्या देहाला विसांवा मिळतो.

येथें वेळेचा विवेक हवा. भारी वजन उचलण्यापूर्वीं एकच स्नायु मिनिटभराहून अधिक वेळ ताणून धरला, तर त्याची शक्ति कांहीं काळ उणावते. म्हणून आरंभीं चार-सहा सूर्यनमस्कार घालून अंग ऊन करावें, मग वजनें उचलावीं. पश्चिमोत्तानासन, भुजंगासन आणि शेवटीं शवासन हीं त्यानंतर करावीं. हिसका देऊन वांकूं नये. कळ येतांच थांबावें.

तालीम आणि योग ह्यांचें नातें आपल्याकडे जुनें आहे. लोणावळ्यास १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचें शास्त्रीय संशोधन करणारे स्वामी कुवलयानंद ह्यांनीं तरुणपणीं, १९०७ पासून १९१० पर्यंत, बडोद्यास राजरत्न माणिकराव ह्यांच्यापाशीं भारतीय व्यायामविद्येचे धडे घेतले होते. योगविद्येकडे ते त्यानंतर वळले. तालमींत कमावलेलें शरीर त्यांना योगाच्या आड आलें नाहीं.

माझ्या त्या विद्यार्थ्यानेंही पुढें जोर-बैठका पुन्हां सुरू केल्या, पण आसनें सोडलीं नाहींत. त्याचे खांदे मोकळे राहिले आणि गेलेलें बळही परत आलें. तुमच्या घरांतील मुलगा वा मुलगी व्यायामशाळेंत जात असेल, तर त्यांना वजनें सोडावयास सांगूं नका. व्यायाम संपल्यावर पंधरा मिनिटें आसनांसाठीं राखावयास सांगा. मी जें उशिरां शिकलों, तें त्यांना वेळींच कळेल.