काळी साडी व्हिडिओत वांगी का दिसते?

संक्रांत जवळ आली की आमच्या खडकीच्या बचत गटांमध्ये काळ्या कापडाची धांदल उडते. काळी जॉर्जेट, काळी क्रेप, खणाचा काठ लावलेली चंद्रकळा, सोबत शिवून तयार ब्लाउज. आता गिऱ्हाईक दुकानात येऊन पदर बोटांत धरून पाहत नाही, ते मोबाईलवर व्हिडिओ पाहतं आणि तिथूनच ऑर्डर देतं. म्हणून व्हिडिओतला रंग हा आपल्यासाठी बोललेला शब्द आहे.

गेल्या हंगामात एक पार्सल परत आलं. बाईंचं म्हणणं, व्हिडिओत गडद वांगी साडी होती, तुम्ही साधी काळी पाठवलीत. आम्ही व्हिडिओ पुन्हा लावून पाहिला, तर खरंच, साडी वांगी दिसत होती! जाण्यायेण्याचा पार्सल खर्च गटावर पडला तो पडलाच, पण ब्लाउज शिवणाऱ्या ताईंना ऐकावं लागलं की कापड हलकं आहे, उन्हात रंग उतरतोय. त्यांनी कापडाचा तुकडा रात्रभर पाण्यात भिजवून ठेवला. सकाळी पाणी स्वच्छ होतं. कापडात खोट नव्हती. खोट होती कॅमेऱ्यापुढे लावलेल्या एका काळसर काचेत, आणि तीसुद्धा अशी की नुसत्या डोळ्यांना कधीच दिसणार नाही.

त्या काचेला एनडी फिल्टर म्हणतात, म्हणजे न्यूट्रल डेन्सिटी. कॅमेऱ्याचा गॉगलच समजा. रंग न बदलता फक्त उजेड कमी करायचा, एवढंच त्याचं काम. व्हिडिओवाल्यांना तो का लागतो, तेही सांगते. पंचवीस चित्रांच्या व्हिडिओला शटर १/५० सेकंद ठेवायची पद्धत आहे, म्हणजे पदराची हालचाल डोळ्याला मऊ दिसते. मागची गर्दी धूसर करून साडी उठून दिसावी म्हणून लेन्सचं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर, एफ २.८ सारखं मोठं ठेवतात. पण दुपारच्या कडक उन्हात, आयएसओ १०० वर, १/५० शटरला अ‍ॅपर्चर एफ २२ इतकं बारीक लागतं. एफ २२ पासून एफ २.८ पर्यंत सहा पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला उजेड दुप्पट. म्हणजे चौसष्टपट उजेड जास्त आत येणार आणि चित्र पांढरंफटक होणार. तो अडवायला ‘एनडी ६४’ फिल्टर लावतात. त्यावर काही कंपन्या १.८ असा आकडा लिहितात. ०.३ म्हणजे एक पायरी, या हिशेबाने १.८ म्हणजे सहा पायऱ्या. आकडे वेगळे, काच तीच.

आता न दिसणाऱ्या उजेडाकडे येऊ. इंद्रधनुष्यात तांबडा रंग कडेला असतो. त्याच्याही पलीकडे किरण असतात, पण ते आपल्याला दिसत नाहीत. १८०० साली विल्यम हर्शेल या शास्त्रज्ञाने लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात तांबड्याच्या बाहेर, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथे थर्मामीटर ठेवला आणि पारा चढला. तेच हे अवरक्त किरण, इन्फ्रारेड. आपल्या टीव्हीचा रिमोट याच किरणांवर चालतो.

डोळ्याला न दिसणारे हे किरण कॅमेऱ्याच्या सेन्सरला मात्र दिसतात. सेन्सर सिलिकॉनचा असतो आणि सिलिकॉनला तांबड्याच्या बरंच पुढचंही कळतं. म्हणून कारखान्यातच सेन्सरवर अवरक्त अडवणारी एक पातळ काच बसवलेली असते. ती बहुतेक किरण अडवते, पण तांबड्याला अगदी लागून असलेले काही किरण निसटून आत येतात. एरवी ते इतके थोडे असतात की आपल्या लक्षातही येत नाही.

घोळ होतो तो एनडी लावल्यावर. साधा, स्वस्त एनडी दिसणारा उजेड अडवतो, पण अवरक्ताला जवळजवळ मोकळी वाट देतो. हिशेब असा. समजा सेन्सरवर दिसणारा उजेड शंभर वाटे येतोय आणि चोरून आलेलं अवरक्त एक वाटा. एनडी ६४ लावला की दिसणारा उजेड दीड वाट्यावर आला, अवरक्त मात्र एकच्या जवळपासच राहिलं. मग चित्र अंधारं दिसतं म्हणून आपण अ‍ॅपर्चर उघडून दिसणारा उजेड परत शंभरावर आणतो. त्याबरोबर अवरक्तही चौसष्टपट होतं. आमटी आटवत गेलं तर पाणी कमी होतं, मीठ तेवढंच राहतं. घास खारट लागतो तो त्यामुळे. इथेही तसंच झालं. यालाच छायाचित्रणात इन्फ्रारेड प्रदूषण म्हणतात. फिकट एनडीला, म्हणजे दोन-तीन पायऱ्यांच्या, हे फारसं जाणवत नाही. फिल्टर जितका गडद, तितका त्रास मोठा. दोन स्वस्त फिल्टर एकावर एक चढवले तर आणखी वाईट.

मग फक्त काळाच का बिघडतो? कारण कापडाचा काळेपणा आपल्या डोळ्यापुरता असतो. पॉलिएस्टर, जॉर्जेट अशा कृत्रिम धाग्यांवरचे अनेक काळे रंग दिसणारा उजेड गिळतात, पण अवरक्त परत फेकतात. त्या किरणांच्या नजरेतून पाहिलं तर आपली काळी साडी जवळजवळ पांढरी असते! कॅमेऱ्याला तो उजेड तांबड्याच्या शेजारचा वाटतो, म्हणून काळ्यात तांबूस, वांगी, चॉकलेटी झाक येते. सुती काळं कापडही कधी कधी असं दिसतं, पण सिंथेटिकचा त्रास जास्त. काजळी मात्र काळीच राहते, कारण कार्बन अवरक्तही गिळतो. एकाच व्हिडिओत डोळ्यातलं काजळीपासून केलेलं काजळ काळंकुळीत आणि अंगावरची साडी वांगी, असं दिसू शकतं. झाडांची पानंही अवरक्त भरपूर परत फेकतात, त्यामुळे आपल्या कॅन्टोन्मेंटमधल्या मोठ्या झाडांखाली केलेल्या व्हिडिओत हिरवा रंगही पिवळट, करपल्यासारखा होतो. लष्करात घरचं कोणी असलेल्या मैत्रिणींना हे नवल वाटणार नाही. रात्री पाहण्याच्या उपकरणांतून जवान वेगळा उठून दिसू नये म्हणून गणवेशाच्या कापडाचा रंग निवडताना तो अवरक्तात कसा दिसतो तेही पाहिलं जातं.

जाता जाता एक गंमत. संक्रांतीला काळं नेसायचं कारण ते ऊब धरतं, असं आपण म्हणतो. पण उन्हातली साधारण अर्धी ऊर्जा अवरक्तातच असते. मग ते परत फेकणारी जॉर्जेट कितीशी ऊब धरणार? काजळीसारखं काळं असतं तर गोष्ट वेगळी.

हा प्रश्न तसा नवा आहे. पूर्वीच्या साध्या फिल्मला अवरक्त कळतच नव्हतं. १९३३ मध्ये प्रभात कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आली, तिच्याच जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. त्या सगळ्या फिल्मच्या काळात कॅमेरामनने एनडी बिनघोर लावावा. डिजिटल आलं आणि घोळ सुरू झाला. २००६ मध्ये लायका या नावाजलेल्या जर्मन कंपनीचा एम ८ कॅमेरा बाजारात आला. त्यात सेन्सरवरची अवरक्त अडवणारी काच फार पातळ होती, म्हणून एनडी न लावताच काळे सिंथेटिक कपडे जांभळट यायला लागले. शेवटी कंपनीने गिऱ्हाइकांना अवरक्त अडवणारे फिल्टर फुकट दिले. एवढ्या महागड्या कॅमेऱ्याचं हे झालं, तर पोरांनी ऑनलाइन मागवलेल्या स्वस्त काचेचं काय घेऊन बसायचं.

पुष्कळ जण म्हणतात, व्हाइट बॅलन्स केला की भागेल, नाहीतर एडिटिंगमध्ये रंग सुधारू. भागत नाही. व्हाइट बॅलन्स सगळ्या चित्राला सारखा ढकलतो. इथे मात्र जॉर्जेट बिघडलेली आहे, काजळ ठीक आहे आणि पान तिसऱ्याच प्रकारे बिघडलंय. काळी साडी सुधारायला गेलात तर चेहरा हिरवट पडतो. एडिटिंगमध्ये फक्त वांगी रंग निवडून काढता येतो, पण साडीचा काठ खरोखरच वांगी असेल तर तोही काळा होऊन जातो. शिवलेला काठ उसवून परत लावण्याइतकंच ते किचकट काम, आणि माझ्या मते आपल्या कामासाठी त्यात वेळ घालवू नये.

त्यापेक्षा फिल्टर आधी तपासून घ्या. कॅमेऱ्यासमोर टीव्हीचा रिमोट धरून बटण दाबा. स्क्रीनवर रिमोटच्या टोकाला फिकट जांभळा दिवा लागलेला दिसला तर पुढची तपासणी होईल. मोबाईलच्या मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसला तर पुढच्या कॅमेऱ्यात बघा, तिथे बऱ्याचदा दिसतो. आता मध्ये एनडी धरा. खोली अंधारली आणि रिमोटचा दिवा तसाच चमकत राहिला, तर तो फिल्टर अवरक्त सोडतोय. पण रिमोटचे किरण तांबड्यापासून बरेच लांबचे असतात आणि साडी बिघडवणारे अगदी शेजारचे. म्हणून पक्की परीक्षा कापडावरच घ्यायची. एका पाटावर काळ्या जॉर्जेटचा, काळ्या सुताचा तुकडा आणि कोळशाचा खडा शेजारी शेजारी ठेवून उन्हात दोनदा टिपा. एकदा फिल्टरशिवाय, शटर वेगवान करून, आणि एकदा फिल्टर लावून. फरक असला तर लगेच दिसतो. फिरवून गडद-फिकट होणारा व्हेरिएबल एनडी तर जरूर तपासा. त्यात दोन पोलरायझर एकमेकांना आडवे करून उजेड अडवतात, पण अवरक्तात ही युक्ती चालत नाही, त्यामुळे तो जितका गडद कराल तितकी झाक वाढते.

मग करायचं काय? फोटोला एनडी लावूच नका. स्थिर साडीच्या फोटोला १/३२०० शटर चालतं, हालचाल मऊ दिसण्याचा प्रश्नच नाही. व्हिडिओसाठी सकाळी, किंवा गॅलरीच्या सावलीत काम करा. उजेड कमी म्हणून फिल्टरही फिकट लागतो. ऊन टाळता येत नसेल तर फिल्टरशिवाय शटर वाढवा. पदर थोडा झटके देत हलल्यासारखा दिसेल, चालेल. गिऱ्हाइकाने झटक्यांसाठी पार्सल परत केल्याचं मी ऐकलेलं नाही, रंगासाठी केलेलं पाहिलंय. घरात एलईडी दिव्यांखाली हा त्रास जवळजवळ नाही, कारण त्यांच्यात अवरक्त नगण्य असतं. लग्नाच्या हॉलमधले जुने हॅलोजन मात्र अवरक्त ओततात.

ज्यांना लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या आहेत आणि गडद एनडी लागणारच आहे, त्यांनी ‘आयआर एनडी’ लिहिलेला फिल्टर घ्यावा. तो दिसणारा आणि न दिसणारा उजेड दोन्ही अडवतो. महाग असतो, म्हणून गटात एकच घ्या आणि तोही आधी वरच्या पद्धतीने कापडावर तपासून. दुसरा पर्याय म्हणजे एनडीसोबत अवरक्त अडवणारा वेगळा फिल्टर, त्याला हॉट मिरर म्हणतात. फार रुंद लेन्सला तो लावला तर कोपऱ्यांत हिरवट-निळसर झाक येते, एवढं लक्षात ठेवा.

हे ऐकून एका मैत्रिणीने मला बाजूला घेऊन विचारलं, अवरक्त कपड्यातून आरपार दिसतं म्हणतात, ते खरं का? प्रश्न रास्त आहे. १९९८ मध्ये सोनीच्या रात्री चित्रण करणाऱ्या कॅमकॉर्डरबाबत तसं उघड झालं होतं. दिवसा ती सोय चालू करून पुढे विशिष्ट फिल्टर लावला तर काही पातळ कपड्यांतून दिसायचं. कंपनीला कॅमेरा बदलावा लागला. त्या कॅमेऱ्यात सेन्सरवरची अडवणारी काच मुद्दाम बाजूला सरकवता येत होती. आपल्या नेहमीच्या कॅमेऱ्यात ती जागेवर असते आणि एनडीमुळे निसटलेलं थोडं अवरक्त फक्त रंग बिघडवतं. मॉडेल म्हणून उभ्या राहणाऱ्या मुलींना हे नीट समजावून सांगा, त्या उगाच घाबरतात.

या हंगामात आमच्या गटांनी ठरवलंय की प्रत्येक काळ्या साडीच्या व्हिडिओसोबत सावलीत, फिल्टरशिवाय काढलेला एक फोटो जोडायचा, आणि त्यात साडीशेजारी कोळशाचा खडा ठेवायचा.