स्वयंचलित ठिबक : नियंत्रकाला पत्ता द्या

साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ साली सुरू झाला. मोठ्या प्रकल्पांत यंत्रे एकमेकांशी इथरनेट तारेने जोडतात. ही सोय आता ठिबकाच्या काही नियंत्रकांतही मिळते. मात्र पत्ता चुकला तर व्हॉल्व्ह उघडण्याचा निरोप पोहोचत नाही आणि ऐन उन्हाळ्यात पिकाची पाण्याची पाळी चुकते.

समजा, पत्ता १९२.१६८.१.१० आणि मास्क २५५.२५५.२५५.० आहे. यातील पहिले तीन आकडे गावासारखे, तर शेवटचा घरक्रमांकासारखा समजावा. जोडणी करताना पुढील काळजी घ्यावी.

१) प्रथम राउटरचा पत्ता पाहावा. नियंत्रक व संगणक यांचे पहिले तीन आकडे व मास्क तेच ठेवावेत.

२) शेवटचा आकडा १ ते २५४ पैकी मोकळा निवडावा. राउटर आपोआप वाटतो त्या पत्त्यांपैकी तो नसावा.

३) नव्या पेट्या बहुधा एकाच पत्त्याच्या येतात. म्हणून एकेक जोडून पत्ता बदलावा.

४) संगणकात तोच पत्ता भरावा. मॉडबस पद्धत असल्यास पोर्ट सहसा ५०२ असतो.

५) तांब्याची तार १०० मीटरपेक्षा लांब नसावी.

शेवटी पिंग करून पाहावे. उत्तर आले म्हणजे निरोप पोहोचला, पाणी पोहोचले असे नव्हे. म्हणून व्हॉल्व्ह उघडून शेवटच्या ड्रिपरपर्यंत स्वतः फिरावे. सर्व पत्ते लिहून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावेत.