खिशातल्या पिस्तुलाचा बोर

जेम्स बाँडचं पिस्तूल एका वाचकाच्या पत्रामुळे बदललं. १९५६ मध्ये शस्त्रांचे जाणकार जेफ्री बूथरॉइड यांनी बाँडचे लेखक इयान फ्लेमिंग यांना कळवलं, की .२५ बोरचं बेरेटा बाँडसारख्या माणसाला शोभत नाही. १९५८ च्या ‘डॉक्टर नो’ कादंबरीत बाँडच्या हाती .३२ बोरचं वॉल्थर पीपीके आलं. तेव्हापासून छोट्या पिस्तुलाची चर्चा बोरच्या आकड्याभोवतीच फिरते. माझ्या मते खरे प्रश्न दोनच आहेत: काडतूस हमखास उडतं का, आणि गोळी पुरेशी खोल जाते का?

बंदुकांचे रचनाकार ब्राउनिंग यांनी १९०५ च्या सुमारास .२५ काडतूस घडवलं, ते मुख्यतः पहिल्या प्रश्नासाठी. .२२ च्या काडतुसात ठिणगी देणारा मसाला बुडाच्या कडेत पसरलेला असतो आणि तो कुठे विरळ राहिला, तर चाप ओढूनही बार होत नाही. .२५ मध्ये तो मधोमध, वेगळ्या टोपीत बसवला. ताकद मात्र वाढली नाही. .२५ ची ऊर्जा सुमारे ९० ज्यूल, .३२ ची १७५, .३८० ची २६० आणि पूर्ण ९ मि.मी.ची ४५० च्या पुढे. यातले मोठ्या बोरांचे आकडे लांब नळीचे आहेत. खिशात मावणाऱ्या आखूड नळीत ते आणखी उतरतात.

यावर हमखास सांगितला जाणारा उपाय म्हणजे पोकळ टोकाची, अंगात शिरताच फुलणारी गोळी. पण फुलायला ऊर्जा लागते, आणि फुललेली गोळी लवकर थांबते. १९८६ मध्ये मियामीतल्या चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले. हल्लेखोराला सुरुवातीलाच लागलेली ९ मि.मी.ची गोळी फुलली खरी, पण हृदयापर्यंत पोहोचलीच नाही. त्यानंतर एफबीआयने चाचणीच्या जिलेटिनमध्ये किमान १२ इंच खोलीचा निकष धरला. ९ मि.मी.ची ही गत, तर .३२ च्या तुटपुंज्या ऊर्जेतून फुलणं आणि खोली दोन्ही मागणं अवाजवी आहे. म्हणूनच .२५ आणि .३२ साठी साधी, गोल टोकाची गोळी मला अधिक शहाणपणाची वाटते. .३८० मध्ये नव्या रचनेच्या काही गोळ्या दोन्ही साधतात, पण निसटत्या फरकानेच.

मग ९ मि.मी.च का नको? आज तशी चिमुकली पिस्तुलं मिळतात, हे खरं. पण हलक्या पिस्तुलात धक्का जोरात बसतो, दुसरी गोळी नेमकी लागत नाही, आणि अशक्त हातांना स्लाइड मागे ओढणं जड जातं. २०२२ मध्ये फेडरल कंपनीने .३० सुपर कॅरी आणलं: बारीक काडतूस, ९ मि.मी.च्या जवळपास ताकद, मॅगझिनमध्ये एखाददुसरी गोळी जास्त. पण ही ताकद दाब बराच वाढवून मिळवलेली आहे, आणि अशी पिस्तुलं फार थोड्या कंपन्यांनी काढली.

ऊर्जा कमी असली, तरी छोट्या बोरला निरुपद्रवी समजणं घातकच. साराजेव्होत १९१४ साली आर्चड्यूक फर्डिनांडवर आणि १९४८ साली दिल्लीत गांधीजींवर झाडलेल्या गोळ्या याच .३८० जातीच्या होत्या.

भारतात ९ मि.मी. बोर सर्वसामान्य परवानाधारकाला मिळत नाही. त्याच्या वाट्याला बहुधा .३२ च येतो. कानपूरला बनलेलं, २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून आलेलं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हरही .३२ चंच. बोर असा आधीच ठरलेला असताना परवानाधारकाच्या हाती उरतं ते ताजी काडतुसं घेणं, आपल्याच पिस्तुलात ती अडकत नाहीत ना हे रेंजवर पाहणं आणि नेम पक्का करणं.