पणजोबांची सनद आणि इतर समजुती

आमच्या घरात एक सनद होती. म्हणजे सगळे तसं मानत. पितळी डब्यात, लाल फडक्यात गुंडाळलेला, घड्यांवर विरलेला एक मोडी कागद. दसऱ्याला पाटी-पुस्तकांबरोबर त्याचीही पूजा व्हायची. पेशव्यांनी आपल्या पूर्वजांना जमीन दिली त्याची ही सनद, असं आजोबा दरवर्षी सांगायचे. ती जमीन कुठं गेली, असं विचारलं की त्यांना पानं वाढायची घाई व्हायची.

शेवटी तो कागद मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, ओळींवरून बोट फिरवत निम्मा मजकूर मनात वाचला आणि म्हणाले, "पंचवीस रुपये घेतलेत हो तुमच्या पूर्वजांनी. व्याज दरमहा शेकडा दोन. कर्जरोखा आहे हा." आमचे चेहरे बघून त्यांनीच सावरून घेतलं. "पण रोखा तुमच्याच घरात आहे आणि कोपरा मुद्दाम फाडलेला दिसतो. म्हणजे फेडलं असणार. फेडल्याशिवाय सावकार खत परत देतो होय?"

घराण्याचा इतिहास शोधायला निघालेल्या प्रत्येकाला कधी ना कधी असा कर्जरोखा भेटतो. जुने कागद कुणीतरी कशासाठी तरी लिहिलेले असतात. कधी वसुलीसाठी, कधी उसनवारीसाठी, कधी बांधाच्या भांडणासाठी. पुढं कुणी पणतू वंशावळ जुळवत बसेल म्हणून लिहिलेला कागद फार क्वचित सापडतो. हे एकदा पटलं की पुण्यात फिरणाऱ्या बऱ्याच समजुती आपोआप सैल पडतात.

सर्वांत लाडकी समजूत अशी, की सगळं शनिवारवाड्याच्या आगीत गेलं आणि उरलंसुरलं इंग्रजांनी लंडनला नेलं. वाडा १८२८ साली जळाला, हे खरंच. पण पेशवाईचा दप्तरखाना आजही पुण्यातच आहे. काउन्सिल हॉलजवळच्या पुराभिलेखागारात हजारो रुमालांत, म्हणजे कापडी बासनांत, कोट्यवधी कागद बांधलेले आहेत. त्यातले बहुतेक मोडीत. ते टिकले याचं बरंचसं श्रेय इंग्रजांच्या संशयी स्वभावाला द्यावं लागतं. इनाम जमिनी खालसा करायच्या तर आधी कुणाचं इनाम खरं आणि कुणाचं लटकं हे ठरवायला हवं. त्यासाठी १८५२ च्या कायद्यानं इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि जुन्या दप्तरांची जमवाजमव, छाननी झाली. ते कार्यालय बरीच वर्षं 'एलिएनेशन ऑफिस' म्हणून ओळखलं जाई. आपल्या पूर्वजांचं इनाम काढून घेताना सरकारनं त्यांचा कागद मात्र जपून ठेवला, असं अनेक घराण्यांच्या बाबतीत झालेलं आहे.

पुण्यातल्या घरोघरच्या कागदांचं खरं नुकसान त्यामानानं अलीकडचं आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतल्या कित्येक घरांतल्या ट्रंका, फडताळं, देव्हारे वाहून गेले. त्यात काय काय गेलं, याची यादी कुणाकडेच नाही.

बरं, कागद आहेत म्हटल्यावर दुसरी अपेक्षा तयार असते. खिडकीवर जाऊन आडनाव सांगायचं आणि फाइल मागवायची. तसं होत नाही. पेशवे दफ्तराची मांडणी कारभाराच्या सोयीनं झालेली आहे. रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, शाहू दफ्तर अशी. तिथं शिरायचं तर गाव, तर्फ किंवा परगणा ठाऊक हवा आणि पूर्वज काय काम करत होता याचा निदान अंदाज हवा. गो. स. सरदेसाईंनी १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत या दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड छापून काढले, ते आधी चाळावेत. निवड राजकारणाच्या अंगानं झालेली आहे, त्यामुळे त्यात आपला माणूस सापडेलच असं नाही. पण त्या काळचे कागद कसे बोलतात, याची कानाला सवय होते.

आणि आडनाव हा तर भलताच निसरडा धागा. नाना फडणवीसांचं घराणं वेळासच्या भानूंचं. कागदांत ते भेटतात बाळाजी जनार्दन म्हणून, कारण फडणीस हा हुद्दा होता. 'भानू' शोधत बसलं तर नाना हाती लागायचे नाहीत. महात्मा फुल्यांच्या घराण्याचं मूळ आडनाव गोऱ्हे आणि मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं कटगुण. पुण्यात फुलांच्या व्यवसायामुळे फुले हे नाव चिकटलं आणि तेच राहिलं. शंभर-सव्वाशे वर्षांत एकाच घराचं आडनाव हुद्द्यावरून, धंद्यावरून, सोडलेल्या गावावरून दोनदा बदललेलं असू शकतं. उलट कुलकर्णी, देशमुख, पाटील, जोशी हे गावोगावचे अधिकार होते. तेव्हा लग्नात भेटलेल्या दुसऱ्या कुलकर्ण्यांना भाऊबंद ठरवण्याआधी गाव विचारावं.

मोडी ही वेगळी भाषा आहे, असं अजूनही सुशिक्षित माणसं म्हणतात. मोडी ही लिपी आहे. भाषा आपली मराठीच, फक्त फारसी शब्दांची फोडणी जरा सढळ. अक्षरं दोन-तीन महिन्यांत ओळखू येतात. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग आणि परीक्षा घेतं, सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळही वर्ग चालवतं. वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी १९१० साली मंडळ स्थापन केलं ते मुळात असे गावोगावी पडलेले कागद गोळा करून प्रसिद्ध करण्यासाठीच. अडचण येते ती अक्षरांच्या पुढं. आधी ओळभर रेघ ओढायची आणि बोरू शक्यतो न उचलता तिला अक्षरं लटकवत जायचं, अशी लिहिण्याची रीत. शब्द कुठं तुटतो ते कळत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. त्यात 'मौजे', 'परगणा', 'राजश्री' यांची नुसती आद्याक्षरं आणि एक दंड. वाचणाऱ्याला त्या मुलखातल्या गावांची नावं आधीपासून पाठ असतील तरच गाडी पुढं सरकते.

तारखांचंही तसंच. कागदावर 'इहिदे सितैन मया व अलफ' असं दिसलं की माणूस हबकतो. हे अरबी आकडे आहेत. एक, साठ, शंभर आणि हजार. बेरीज ११६१, हा शुहूर सन. त्यात ५९९ मिळवले की १७६०. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणजे साधारण जून १७६० ते जून १७६१. जानेवारीतलं पानिपत याच वर्षात येतं. फसली सनात ५९० मिळवायचे, शकात ७८. आणि तारखेआधी एकटाच 'छ' दिसला तर तो चंद्र. पुढं मुसलमानी महिना येतो. एवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं की निम्मी भीती जाते.

सगळ्यांत चुकीची समजूत मात्र वेगळी आहे, आणि ती बोलताना आवाज खाली जातो. 'आमचं काय असणार? आम्ही ना इनामदार, ना देशमुख.' कागद फक्त वतनदारांचेच राहिले, असं मानणाऱ्यानं एखादा जुना महजर पाहावा. गावच्या तंट्याचा निवाडा झाला की खाली सारं गाव साक्षीला. लिहिता येत नाही म्हणून नावापुढं निशाणी. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, कुंभाराचं चाक. अडीचशे वर्षांपूर्वीच्या न्हाव्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव आणि कागदाच्या कडेला काढलेला वाटोळा आरसा. कुठल्या सरदाराच्या सनदेपेक्षा मला तो कागद जास्त जिवंत वाटतो.

त्यापुढच्या काळात तर रयतेचीच दप्तरं भरपूर. १९०३ च्या कायद्यानंतर हक्कनोंदणीची पत्रकं सुरू झाली. मग फेरफार आणि वारसनोंदी आल्या. जन्ममृत्यूचा गाव नमुना १४ आला, ज्याला गावात कोतवाल बुक म्हणतात. शाळेचं जनरल रजिस्टर आहे. मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा तहसील कचेऱ्यांत हीच बाडं उघडली गेली आणि मोडी वाचकांना अचानक भाव आला. ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, हे ज्यांना माहीत होतं त्यांनी या कपाटांची वाट आधीच धरली होती. एरवी आपण इतिहासाला जातीच्या दाखल्यापुरतंच बोलावतो, याचं मला जरा वाईट वाटतं. पण त्या निमित्तानं रजिस्टरांवरची धूळ झटकली गेली, हेही खरं.

या नोंदी वाचताना डोळे उघडे हवेत. कोतवाल बुकात पुष्कळदा बाळाचं नावच नसतं. बारसं व्हायच्या आत नोंद झालेली असते, मग नुसतं बापाचं नाव आणि मुलगा की मुलगी एवढंच. शाळेच्या रजिस्टरात आजोबांची जन्मतारीख १ जून दिसली तर तिच्यावर पत्रिका मांडू नये. शाळा जूनमध्ये भरायची, गुरुजींनी दातांकडे बघून साल ठरवलं आणि तारीख सोयीची टाकली. जुन्या उताऱ्यावर 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. 'ए.कु.मॅ.' हा पूर्वज नव्हे, एकत्र कुटुंब मॅनेजर. एका ओळखीच्या गृहस्थांनी या मॅनेजरला वंशवृक्षात स्वतंत्र फांदी दिली होती.

बायकांची नावं मिळतच नाहीत, हे अर्धं खरं. छापील कुलवृत्तांतांत ती मिळत नाहीत, कारण जुन्या संपादकांनी मुली वगळल्या आणि सुनांचं माहेर लिहिलं नाही. हे ग्रंथ घराण्यातल्याच कुणी निवृत्त काकांनी पोस्टानं फॉर्म पाठवून, पदरमोड करून सिद्ध केलेले. कष्ट अफाट. अलीकडच्या चार पिढ्यांसाठी त्यांच्याइतकं भरवशाचं काही नाही. मूळपुरुषाजवळ पोचताना मात्र नुसती नावांची माळ उरते, तिथं विश्वास आवरता घ्यावा. बायका भेटतात जमिनीच्या कागदांत. विधवेच्या नावावर आलेलं शेत, लेकीला दिलेलं घर, वारसनोंदीत ओळीनं लिहिलेल्या तीन बहिणी. आणि भेटतात तीर्थक्षेत्रांच्या वह्यांत.

या वह्यांना थोतांड म्हणायची आपल्याकडे एक सुधारकी सवय आहे. दक्षिणेवरून कटकट होते, ते सोडा. पण नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या हे यात्रेला आलेल्या माणसानं त्या दिवशी स्वतः सांगितलेलं टिपण असतं. आपण कोण, वडील, आजोबा, भाऊ, मुलं, बरोबर कोण आलं. खाली सही किंवा अंगठा. तिथं आडनावाआधी मूळ गाव सांगावं लागतं, कारण उपाध्ये गावानुसार वाटलेले असतात. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी घरी येऊन पिढ्या वाचून दाखवतात. त्यांचं सांगणं वेगळ्या जातीचं. ऐकावं, उतरवून घ्यावं आणि मग कागदाशी ताडून पाहावं.

दोन समजुती पटकन. जनगणनेत पणजोबा सापडणार नाहीत. इंग्लंडात घरोघरच्या जुन्या याद्या शंभर वर्षांनी खुल्या होतात, त्यावरून परदेशातली आपली मुलं तसं विचारतात. आपल्याकडे १९४८ च्या कायद्यानं या नोंदी गोपनीय आहेत. आणि घरचा कागद लॅमिनेट करू नये. उष्णतेनं आणि गोंदानं तो कायमचा प्लास्टिकचा होतो, पुन्हा सोडवता येत नाही. सुती कापडात गुंडाळावा, उजेडात नीट फोटो काढावा आणि वाचायला फोटोच द्यावा.

वाचायला द्यावा कुणाला? पुण्यात हौसेनं मोडी वाचून देणारी माणसं आहेत, त्यांत नोकरदार आहेत, गृहिणी आहेत. ती फुकट वाचतात म्हणून रिकामी असतात, हा शेवटचा गैरसमज. 'आमचं घराणं शोधून द्या' असा निरोप आणि सोबत अंधारात काढलेले चाळीस फोटो, असं त्यांच्या वाट्याला रोज येतं. आपलं गाव, तालुका, खापरपणजोबांपर्यंतची नावं आणि नेमका एक प्रश्न घेऊन गेलं तर तीच माणसं रात्री अकराला फोन करून सांगतात, तिसऱ्या ओळीतला शब्द लागला.

आमच्या रोख्यातला शब्द तसाच लागला. तळाशी साक्षीदारांच्या नावांपुढं 'वस्ती' आणि एका गावाचं नाव होतं. आम्ही स्वतःला ज्या गावचे समजत होतो, ते ते नव्हतं. त्या गावाचं नाव घेऊन नाशिकला गेलो. पंचवीस रुपये घेणाऱ्याचा मुलगा तिथं वहीत भेटला. आई, बायको आणि दोन बहिणींना घेऊन आला होता. चौघींची नावं लिहिलेली.

आत्याला हे सगळं सांगितलं. सनद नाही, कर्जरोखा आहे, हे तिनं बराच वेळ मानलंच नाही. दसऱ्याला मात्र डबा नेहमीच्या जागी होता. कागदाला हळदकुंकू लावणार तेवढ्यात मी ओरडलो, तेव्हा तिनं ते डब्याच्या झाकणाला लावलं आणि हळूच विचारलं, "फेडलं होतं ना पण?"