एका ‘एस’ची किंमत

आम्ही कविता लिहिणारे वेलांटीला फार जपतो. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. फरक एवढाच, की वेलांटी पहिली की दुसरी. कोबोल या संगणकभाषेत ‘एस’ या अक्षराला असंच वजन आहे.

कोबोलची आखणी १९५९ साली अमेरिकेत सुरू झाली. ग्रेस हॉपर या नौदलातल्या विदुषींच्या कामाचा तिच्यावर मोठा प्रभाव आहे. बँका-कचेऱ्यांचे हिशेब साध्या इंग्रजीसारख्या वाक्यांत मांडता यावेत, हा हेतू. आजही कित्येक बँकांचे व्यवहार याच भाषेवर चालतात.

या भाषेत प्रत्येक संख्येसाठी आधी जागा राखावी लागते. आयबीएमच्या मोठ्या संगणकावर ‘पिक ९(४) कॉम्प’ असं लिहिलं, की चार अंकी संख्येसाठी सोळा घरं मिळतात. प्रत्येक घरात शून्य किंवा एक. उजवीकडून घरांची किंमत १, २, ४, ८ अशी दुपटीनं वाढत सोळाव्या घराला ३२,७६८ होते. सगळीकडे एक असेल तर बेरीज ६५,५३५.

आता ९च्या आधी ‘एस’ लिहा. हा ‘साइन’मधला, म्हणजे चिन्हाचा एस. घरं तीच राहतात, पण सर्वांत डावीकडच्या घराची किंमत उणे ३२,७६८ होते. उरलेल्या पंधरा घरांची बेरीज ३२,७६७. म्हणजे सगळीकडे एक असताना उत्तर येतं उणे एक! घरातली अक्षरं बदलली नाहीत, वाचन बदललं.

एक बारकावा. जागा ६५,५३५ मावेल इतकी असली, तरी चार नऊ लिहिले म्हणून नियमानं ९,९९९पर्यंतच संख्या धरायची. पूर्ण जागा वापरायची, तर ‘कॉम्प-५’ हा प्रकार असतो.

खरा धोका पुढेच आहे. एस नसलेल्या जागेत उणे ५०० ठेवायला सांगितलं, तर कोबोल कुरकुर करत नाही. चिन्ह गाळून मुकाट्यानं ५०० ठेवते. ज्याच्याकडून पाचशे यायचे, त्याच्याच नावावर पाचशे जमा दिसतात!

म्हणून माणसं, पोती, पावत्या मोजायच्या तर एस नको. त्या शून्याखाली जात नाहीत. पण जिथे देणं-घेणं आहे, तिथे एस हवाच. कर्ज लपवणारी वही कितीही नेटकी असली, तरी खरी नसते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)