धावपट्टीवर मोडलेला पाय

२० मार्च १९३७ ची पहाट. होनोलुलूजवळच्या फोर्ड बेटावर ल्यूक फील्ड नावाचा लष्करी विमानतळ होता. तिथून अमेलिया इअरहार्ट बाईंचं दोन इंजिनांचं लॉकहीड इलेक्ट्रा विमान धावू लागलं. पृथ्वीप्रदक्षिणेचा हा दुसरा टप्पा. पुढचा मुक्काम पॅसिफिकमधलं हाउलंड हे चिमुकलं बेट. बरोबर हॅरी मॅनिंग आणि फ्रेड नूनन हे दोन मार्गदर्शक, आणि सुमारे ९०० अमेरिकन गॅलन पेट्रोल. म्हणजे नुसत्या इंधनाचंच वजन अडीच टनांच्या घरात गेलं.

चाकांच्या पायांची परीक्षा विमान उतरताना होते, असं आपल्याला वाटतं. पण लांबच्या प्रवासाला निघताना टाक्या काठोकाठ भरलेल्या असतात, तेव्हाचा भार काही कमी नसतो. त्यातून इलेक्ट्राची दोन मोठी चाकं पुढे आणि एक छोटं चाक शेपटीखाली. अशा विमानाचा गुरुत्वमध्य मोठ्या चाकांच्या मागे पडतो. हातगाडी ओढत नेली तर निमूटपणे मागून येते. तीच मागून ढकलली, की तोंड फिरवू पाहते. तसंच हे.

त्या पहाटे विमानानं उजवीकडे ओढ घेतली. बाईंनी डाव्या इंजिनाचा जोर कमी केला. विमान डावीकडे आलं खरं, पण मग वळतच राहिलं. भरलेली बैलगाडी भरधाव डावीकडे वळवली, तर सारा भार उजव्या चाकावर येतो की नाही? चाकाचा पाय खालून येणारा धक्का सोसण्यासाठी बांधलेला असतो. बाजूनं बसणारा रेटा त्याला तितकासा सोसत नाही. उजवा पाय मोडला. विमान पोटावर घसरत गेलं, ठिणग्या उडाल्या, पेट्रोल गळू लागलं. बाईंनी चटकन इंजिनांचे विजेचे खटके बंद केले. आग लागली नाही. तिघंही सुखरूप बाहेर आली.

आता पाय आधी मोडला, की विमान आधी वळलं? टायर फुटला, असं काही पाहणाऱ्यांचं म्हणणं. बाईंना उजव्या पायातल्या धक्का झेलणाऱ्या यंत्रणेचा संशय होता. त्यांचे तांत्रिक सल्लागार पॉल मँट्झ मात्र इंजिनांचा जोर कमीजास्त करण्यालाच दोष देत. मोडलेल्या सांगाड्यावरून काय मोडलं ते कळतं. आधी काय बिघडलं ते सांगणं फार कठीण.

विमान बोटीनं कॅलिफोर्नियाला, बरबँकच्या कारखान्यात गेलं. दुरुस्तीत ऋतू पालटला, म्हणून प्रदक्षिणेची दिशाही उलटी करावी लागली. मॅनिंग आपल्या जहाजावरच्या नोकरीवर परतले. बिनतारी संदेशाचं काम खरं जाणणारा माणूस तोच! जून १९३७ मध्ये विमान कराचीवरून कलकत्त्याला आलं. दमदमच्या पावसानं भिजलेल्या मैदानावरून उठताना चाकं चिखलातून सुटता सुटेनात. पलीकडची झाडं कशीबशी ओलांडली गेली.

जे हाउलंड मार्चमध्ये दुसऱ्याच टप्प्यावर लागणार होतं, ते आता प्रवासाच्या शेवटाशी येऊन राहिलं. २ जुलैला बाई आणि नूनन न्यू गिनीतल्या लाएहून तिकडे निघाली. बेटापाशी थांबलेल्या ‘इटास्का’ जहाजावर बाईंचा आवाज स्वच्छ येत होता. जहाजावरून बोललेलं मात्र बाईंना ऐकू येत नव्हतं.